सुटली म्हणा, आत्या

सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२४

आत्याबाई,

ऋतुजाचा पाया पडून नमस्कार. फोन लावला की तुमी म्हणता, "रडायचं आसंल तर लावू नको, काय आसंल ते लिहून पाठव." म्हणून लिहितेय. सातवीनंतर हातात पेन धरला न्हाय, चुकलं तर समजून घ्या. जोतीरामभाऊंच्या वडापाच्या जीपमधी चिठ्ठी देते, मंद्रूपला उतरले की ते आणून देतील.

सिद्धी शनिवारी शाळेत पडली. बाई म्हणाल्या, पाढे म्हणता म्हणता मधीच थांबली, कपाळ घामानं भिजलं, हात लटलट कापाय लागले. मी बाईंना आधीच सांगून ठिवलंय, आसं झालं की दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ग्लुकोजची पुडी हाय, गोळ्या हायत, चॉकलेट हाय, जे हाताला लागंल ते लगीच तोंडात घाला. बाईंनी घातलं. आत्या, तुमची नात दात आवळून बसली. बाईंनी गाल दाबला तर थुकली. ग्लुकोजचं पाणी वठाला लावलं तर ते बाहीनं पुसलं. मग डोळं फिरवलं तिनं. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. मला कारखान्यात फोन आला, मी मशीनवर ड्रेसची बाही अर्धी टाकून तशीच पळाले.

सलाईन लावल्यावर जरा हुशारी आली. तर नर्सबाईंना विचारती, "ही गोड हाय का?" त्या बिचाऱ्या हसून म्हणाल्या, "ग्लुकोज हाय की गं बाळा." तसं पोरीनं सुई उपटून काढली. चादरीवर रक्तच रक्त. शेवटी मी म्हटलं, "मी चाखून बघितली, खारट हाय," तवा लावून घेतली.

मग मी विचारलं, "का गं खाल्लं न्हाईस?" तिनं माझ्या कानाला तोंड लावलं आन म्हणली, "आजीनं भंडारा उचलाय लावलाय. मी गोड खाल्लं तर तू मरशील."

आत्या, दिवाळीत तुमच्याकडं आलो तवा मी नळावर गेल्यावर तुमी हे केलं व्हय? आठ वर्साच्या लेकराच्या मुठीत खंडोबाचा भंडारा देऊन आईची आन घातली?

तुमच्यापुढं बोलायची माझी छाती न्हाय, पण ऐका. मामांजींची शुगर निराळी आन सिद्धीची निराळी. तिच्या आंगात जे बनाय पाहिजे ते बनतच न्हाय, म्हणून रोज सुई. सुईनं साखर उतरती. कवा लई खेळली, कवा जेवली न्हाय, की जास्तच उतरती. डॉक्टर म्हणाले, वर गेलेली साखर दमादमानं मारती, खाली गेलेली घटकाभरात मारती. तेवढ्यापुरतं गोड हेच तिचं औषध. मी काय रोज लाडू चारत न्हाय. एरवी ती मागत बी न्हाय, शहाणी हाय. दूध-भातावर दोनदा निभावलं, पण त्याला येळ लागतो, आन तवा येळच नसतो.

मी सांगितलं तिला, सुटली गं आन. तर म्हणती, "तुझ्या तोंडानं सुटत न्हाय. जिनं घातली तिनंच कपाळाला भंडारा लावून सुटली म्हणाय लागतंय." हे बी तुमीच शिकवलंय.

एक शब्द हाय आत्या. पदर पसरते. आमी कवा येऊ ते कळवा, नुसतं सुटली म्हणा.

तुमची सून
ऋतुजा


मंद्रूप
२२ नोव्हेंबर

ऋतुजा,

चिठ्ठी मिळाली. अक्षर बघून वाटलं कागदावरनं कोंबडी चालत गेली. मी चौथी शिकल्याली, पण माझी ओळ तुझ्यापरीस सरळ हाय, बघून घे.

व्हय, घातली आन. लपून न्हाय घातली, देव्हाऱ्यापुढं घातली. शुगरच्या पोरीच्या दप्तरात चॉकलेट भरणारी आई मी ह्या जल्मात पयल्यांदा बघितली. शेजारच्या तानाबाईला सांगितलं तर ती हसून हसून उंबऱ्यावर बसली. म्हणली, "वच्छे, तुझी सून इस्तवाला रॉकेल पाजती."

मला शुगर शिकवू नको. तुझ्या सासऱ्याचं आधी बोट कापलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालनं पाय. त्यो पाय दवाखान्यानं माझ्या हातात दिला. धोतराच्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घिऊन मी जीपमधनं आले, शेजारचा माणूस विचारत हुता, काय हाय, कलिंगड? बांधाला पुरला मी त्यो. वर्सानं बाकीचा माणूस जाळला. आन त्याच्या गादीखाली काय घावलं? पेढ्याचे कागद. तू तवा ह्या घरात नव्हतीस. निराळी शुगर म्हणं! मांजराला निराळं नाव ठिवलं म्हणून ते दूध प्यायचं सोडतंय व्हय?

आन त्या सुयांचं काय सांगतीस? सुईनं साखर खाली जाती, मग वर आणाय चॉकलेट. आधी हिरीत ढकलायचं आन मग दोर सोडायचा. त्यापरीस ढकलूच नको की.

आन सोडवून पाहिजे ना? ये. पण पिशव्या भरून ये. सोलापूरच्या खोलीला कुलूप घाल. माझा शिवराज गाडी चालवून दमून येतोय आन म्हातारीच्या हातचं खातोय, बायको हाय का न्हाय लोक विचारत्यात. पोरगी माझ्या डोळ्याम्होरं राहू दे. आलीस की लावते भंडारा.

वच्छला


सोलापूर
९ डिसेंबर

आत्या,

आमी आलो आन गेलो. तुमच्या घरात मला बोलता आलं न्हाय. हितं बसून लिहिते.

तुमी चिमटीत भंडारा घेतला. सिद्धीच्या कपाळापातूर आणला. तिनं डोळं मिटलं हुतं, हसत हुती, तुमी बघितलं का? मी बघितलं. तेवढ्यात तुमी माझ्याकडं मान वळवून म्हणला, "आधी म्हण, हितंच राहते."

मी म्हटलं, "सुई चालू ठिवाल?"

"सुई न्हाय."

मी सुयांची पिशवी छातीशी धरली. तुमी चिमटी डब्यावर नेऊन उघडली, बोटं एकमेकावर चोळली, डब्याचं झाकण लावलं. पोरगी डोळं मिटून तशीच बसली हुती. तिनं उघडलं तवा तुमी कापूर लावत हुता.

मी का राहिले न्हाय ते तुमाला म्हाईत हाय. गेल्या वर्सी तिला उलट्या हुत हुत्या, तोंडाला कुजक्या फळावानी वास येत हुता, श्वास आसा वढत हुती की छातीच्या बरगड्या मोजाव्यात. आन तुमी तिला रुद्रप्पा देवऋषीपुढं बसवली. त्यानं लिंबू कापलं, धागा बांधला. मी तुमच्या पाया पडले, शिवराजच्या पाया पडले, शेवटी पोर खांद्यावर टाकून मीच वडापात बसले. दवाखान्यात म्हणाले, आजून जरा येळ केला आसता तर हातात काय बी राहिलं नसतं. तवापासनं मी ही खोली धरली. तिला सुई न्हाय टोचली तर ती मरती, आत्या. आन टोचून गोड न्हाय दिलं तर बी मरती. तुमी एका हातानं सुई काढून घेता आन एका हातानं गोड. लेकरू कुठल्या हातानं जगायचं?

परत येताना जोतीरामभाऊंनी इचारलं, "काय सिद्धीताई, आजीनं काय दिलं?"

ती म्हणली, "काय न्हाय. देत हुती, परत डब्यात टाकलं."

मग माझ्याकडं बघून म्हणली, "म्हंजे आजून हाय."

परवा परत साखर उतरली. साखर मोजायच्या मशीनवर बावन्न. मी तिला मांडीखाली दाबून धरली आन बोटानं साखर तोंडात कोंबली. माझंच लेकरू मी बकरीवानी दाबून धरलं. तिनं बोटाला कडकडून चावलं, तरी जरा साखर आत गेली, आन वाचली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात माझं ध्यान नव्हतं, मशीनची सुई बोटाच्या नखातनं आरपार गेली. त्याच बोटात. घरी आले तर ती माझ्या बोटाची पट्टी धरून बसली. म्हणली, "थोडंच पोटात गेलं हुतं ना, म्हणून थोडंच लागलं."

आता जवळ गेले तरी तोंडावर हात धरती. जेवताना प्रत्येक घास हुंगती, मी गूळ लपवलाय का म्हणून. सख्ख्या आईच्या हातचं हुंगून खाती.

मी येते. रोज येते, तुमच्या शेणगोठ्याला येते, म्हणाल ते करते. फक्त सुई बंद करत न्हाय. तेवढं सोडून काय बी मागा.

ऋतुजा


मंद्रूप
२० डिसेंबर

ऋतुजा,

बोट फुटलं व्हय? मग देव हाय म्हणायचा. मला वाटलं हुतं आताशा त्यो बी म्हातारा झाला.

पोरीला तुझ्या जिवाची किती काळजी बघ. स्वतः मरंल पण आईला मरू द्यायची न्हाय. माझ्या पोटच्यानं माझ्यापायी कवा घास सोडला न्हाय, ना त्याच्या बापानं सोडला. त्याला म्हटलं हुतं मी, माझी आन हाय तुमाला, पेढा खाऊ नका. व्हय म्हणला आन गादीखाली लपवून खाल्ला. माझ्या आनीला त्यानं पेढ्याएवढी बी किंमत दिली न्हाय. तुझी पोर पाळती. नशीबवान हाईस, आन रडतीस.

तुझा सगळा कागद वाचला. शेणगोठा मला होतोय, सुनेची गरज न्हाय. मला एकच पाहिजे, सुया टाकून ये. रुद्रप्पाला नावं ठिवू नको. त्याच्या हातून बरी हुत हुती, तू पळवून नेलीस.

पोरीला काय झालं तर आन घालणारी म्हणून गावभर माझं नाव लावशील, ठावं हाय मला. पण रोज टोचणारी तू हाईस, हे बी लोक बघत्यात.

संक्रांतीपातूर वाट बघते. मग डबा उघडणार न्हाय.

वच्छला


सोलापूर
१७ जानेवारी २०२५

आत्या,

संक्रांत झाली. तुमची मुदत सरली. आता माझं ऐका, आन हसायचं आसंल तर शेवटपातूर वाचून हसा.

त्या दिवशी आमच्या गल्लीतली पोरं जत्रेतली मिरवणूक बघून आली, दारात दोरीवरच्या उड्या मारत हुती. सिद्धी बी मारत हुती. मी भाकरी थापत हुते. ती आत आली आन चौकट धरून उभी राहिली. पांढरीफटक. "आई, दोन दोन दिसाय लागलं," म्हणली. मी मशीन लावलं. अडतीस.

गल्लीच्या तोंडाला जाऊन रिक्षा बघितली. नंदीध्वजाची मिरवणूक, सगळे रस्ते बंद, माणसाला माणूस चिकटल्यालं. शेजारच्या सिद्धेश्वरीकाकू तिळगूळ घिऊन आल्या हुत्या, त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "अगं त्यो चार की तिच्या तोंडात!" मी म्हटलं, खात न्हाय. त्या म्हणाल्या, "तिळगूळ न्हाय खात? कुठल्या देशाची पोर हाय?" आन रिक्षा आणाय पळाल्या.

मी साखरेची वाटी घिऊन बसले. "सिद्धी, तोंड उघड."

मान हलवली.

"मी मरत न्हाय गं बाळा."

"बोट फुटलं हुतं."

"ते माझ्या चुकीनं फुटलं."

"न्हाय. माझ्या."

डोळं मिटाय लागले हुते तिचे. मान मागं पडत हुती. एकदा शुद्ध गेली की तोंडात काय घालाय बी येत न्हाय, नरड्यात आडकतं. माझ्या तोंडातनं कसं निघालं मला म्हाईत न्हाय, आत्या. मी कवा इचार केला नव्हता. मी म्हटलं, "सिद्धी, मी तुझी आई न्हाय."

तिनं डोळं उघडलं.

मी म्हटलं, "तुझी आई तू जल्मलीस तवाच गेली. मी तिची भन. तुला सांभाळाय आले. आजीनं आन कुणाची घातली? आईची ना? ती कवाच मेली. आता तिचं काय मरायचं राहिलंय?"

ती बघत राहिली. मला वाटलं गेली. मग म्हणली, "पपा?"

"पपा खरे हायत."

"आजी?"

"आजी बी खरी."

"तू एकटीच खोटी?"

"व्हय," म्हटलं मी. "मी एकटीच."

तिनं तोंड उघडलं, आत्या. आपलं आपण उघडलं. मी साखर घातली, परत घातली, मग चॉकलेट दिलं. दुष्काळातनं आल्यावानी खाल्लं तिनं. हनुवटीला, बोटाला, झग्याला, सगळीकडं चॉकलेट. किती महिन्यानं चव लागली आसंल. काकू रिक्षा घिऊन येईपातूर ती उठून बसली हुती. काकू म्हणाल्या, "खाल्लं की गं! काय म्हणलीस हिला?" मी तिची हनुवटी पुसत राहिले.

संध्याकाळी म्हणली, "तिचं नाव काय हुतं?" तोंडाला आलं ते नाव सांगितलं, सुमन. मग म्हणली, "तुला काय म्हणू?"

"मावशी म्हण."

"बरं," म्हणली. वाद न्हाय, रडणं न्हाय. पाटीवरचं पुसून दुसरं लिहावं तसं.

आता रोज त्या सुमनसाठी रडती. माझ्या मांडीवर बसून, माझ्याच पदरात तोंड घालून तिच्यासाठी रडती. फोटू मागती. तिला चॉकलेट आवडायचं का, तिचा आवाज कसा हुता, मला बघून ती हसली हुती का, का आधीच मेली. मी तिला थापटते आन एका बाईचं सांगत बसते जी कवा नव्हती. आन मी हितं जिती बसल्याली.

म्हणून परत लिहिते. आता तर सुटली म्हणा. तुमी म्हणला की मी सांगते तिला, मी खोटं बोलले, मीच हाय तुझी आई. तुमचं काय जातंय? तिला तिची आई परत द्या. मला शिव्या घाला, गावात तोंड काळं करा, मी येते आन उभी राहते.

ऋतुजा


मंद्रूप
२६ जानेवारी

ऋतुजा,

शेवटपातूर वाचलं, मग हसले.

नऊ महिने पोटात वागवलंस आन एका चॉकलेटापायी आईपण फेकून दिलंस. मला जमलं नसतं. मी म्हटलं आसतं, मेली तर माझी म्हणून मेली.

आता तुला ठावं न्हाय ते सांगते. शिवराज गेल्या हप्त्यात गाडी लावून तुझ्याकडं आला हुता ना? तू चहा ठिवाय आत गेलीस, तवा पोरीनं त्याचा फोन घिऊन मला लावला. बारीक आवाजात म्हणली, "आजी, ऋतुजामावशी माझी आई न्हाय, हे खरं हाय का?"

एक शब्द मागत हुतीस ना माझ्याकडं दिवाळीपासनं? दिला मी. म्हटलं, "खरं हाय."

म्हणली, "सुमन हुती का?"

हुती म्हटलं. "कशी हुती?" म्हणली. म्हटलं, गोरी हुती, केस कमरंपातूर. हिच्यापरीस लई चांगली हुती. पोर खूश झाली.

आता मला सांग, आई न्हाय तिच्याकडं पोर ठिवायचं कारण काय? बापाचं लेकरू बापाच्या घरात शोभतं. मावशीनं सांभाळलं, उपकार झाले, लुगडं पाठवीन. येत्या शनिवारी शिवराज न्याय येतोय. कपडे भरून ठिव. सुया भरू नको. रुद्रप्पाला निरोप दिलाय.

आन भंडारा मी सोडत न्हाय. सोडला तर तू परत आई होशील.

वच्छला


सोलापूर
३ फेब्रुवारी

आत्याबाई,

शिवराज आले हुते. रिकामी पिशवी घिऊन परत आले, ते तुमी बघितलंच आसंल. घरी काय बोलले ते मला म्हाईत न्हाय, ते तुमच्यापुढं खरं कवा बोलत न्हाईत. म्हणून मी लिहिते.

तुमची चिठ्ठी आल्यापासनं मला घास गेला न्हाय. चार डाव वाटलं, पोर उचलावी आन कुठंतरी निघून जावं. पण सुया कुठं मिळत्याल, सुईच्या औषधाचा बर्फातला डबा कुठं ठिवायचा, काय कळंना. आन वाटलं, तिला खरं सांगावं. घट्ट धरून म्हणावं, मी हाय, मीच हाय. दोनदा तोंड उघडलं. पण ते सांगितलं की ती परत दात आवळणार. मी तोंड मिटलं.

शनिवारी ते आले तवा ती भिताडाला टेकून चित्रं काढत हुती. ते म्हणाले, "सिद्धे, चल. आजी वाट बघतीया. शेळीला दोन करडं झाल्यात, एक काळं एक पांढरं. पांढरं तुझं."

ती म्हणली, "तितं सुई हाय का?"

"न्हाय. आजी म्हणली, आता सुई बंद."

"मी मरंन की मग."

"आसं बोलू नये," ते म्हणाले. आन माझ्याकडं बघितलं, जसं काय मीच शिकवलंय.

ती परत चित्राला लागली. मग इचारती, "पपा, तितं माझं कोण कोण हाय?"

ते खूश झाले. त्यांना वाटलं पोर वळली. म्हणाले, "आजी हाय, मी हाय, तानाबाईआजी हाय, करडं हायत. सगळं तुझंच की गं."

"मग मी येत न्हाय."

"का?"

"तितं आजी परत भंडारा देईल. म्हणंल, पपाची आन हाय. मग मी खाल्लं की तुमी मरशीला. मग म्हणंल करडाची आन हाय." पेन्सिल खाली ठिवून, मोठ्या माणसावानी समजावून सांगितलं तिनं. "हितं माझं कोण बी न्हाय. हितं खाता येतंय."

शिवराजनी माझ्याकडं बोट केलं. "मग ही कोण?"

"ही मावशी. हिला काय बी होत न्हाय."

ते उठून पायरीवर बसले. मी चहा दिला, पिले न्हाईत. जाताना म्हणाले, "ऋते, तिला खरं सांग की." मी म्हटलं, "तुमी सांगा. आन तिचं तोंड बी तुमीच उघडा मग." पिशवी बगलंत मारली आन 'आईला काय सांगू?' म्हणाले, तर म्हटलं, मी लिहिते.

तर आत्या, ऐका. दिवाळीपासनं मी तुमच्याकडं एक शब्द मागत हुते. आता मागत न्हाय. आता तुमी भंडाऱ्याचा अख्खा डबा घिऊन दारात बसला तरी मी दार उघडणार न्हाय. तुमी सुटली म्हणाल, ती मला आई म्हणंल, आन पुढं कवातरी परत कोणीतरी तिच्या मुठीत काय तरी दील. आई आसली की आन घालता येती. मावशीची कोण घालत न्हाय.

सुमन गोरी हुती, केस कमरंपातूर हुते, हे तुमी सांगितलेलं तिनं चित्रात काढलंय. भिताडाला लावलंय. मीच पीठ कालवून चिकटवलं.

काल दुपारी तिला परत कापरं भरलं. मी हात पुसून उठंपातूर तिनं आपलं आपण कप्प्यातनं चॉकलेट काढलं, सोललं, उभ्या उभ्या खाल्लं. मग तोंड पुसलं आन कागद माझ्याकडं धरला.

"मावशी, टाक."

मी टाकला.

ऋतुजा